कोटाबरोबर चौदा सेल्फी

चहा घ्या आधी, गार होतोय. आणि कप जरा टेबलापासून लांब धरा, खाली गिऱ्हाइकाचं कापड आहे. आता मी जी माझी फजिती सांगणार आहे ती ऐकून तुम्ही हसणार, आणि हसताना चहा सांडणार. मागच्या वेळी आमचे व्याही ऐकत होते, त्यांनी एका सफारीच्या कापडावर पुरता अर्धा कप ओतला!

मला तुम्ही ओळखताच. लष्कर मोहल्ल्यात आमचं शिलाईचं दुकान आजोबांच्या वेळेपासून आहे. सगळे मला मास्तर म्हणतात. घरात मराठी, दुकानात कानडी, आणि राग आला की दोन्ही एकदम. राग मला येतो, हे मी लपवत नाही.

आणि फोनच्या बाबतीत मी गल्लीतला शहाणा, अल्वा? नाही का? कुणाच्या फोनचा आवाज बंद झाला, कुणाचे फोटो हरवले, की लोक माझ्याकडेच येणार. मीही दोन शब्द ऐकवून मगच दुरुस्त करणार. "एवढं कळत नाही तर फोन घेतला कशाला?" हे माझं ठरलेलं वाक्य. हल्ली ते मी वापरत नाही. का, तेच सांगतो.

तीन आठवडे माझा फोन रोज विचारत होता, अपडेट करू का? मी रोज म्हणायचो, नंतर. एके दिवशी सकाळी दुकानात गिऱ्हाईक असताना त्याने परत विचारलं. डोकंच फिरलं माझं. म्हटलं, कर बाबा, कर एकदाचं!

केलं त्याने. अर्धा तास काळाठिक्कर पडून राहिला आणि उठला तो वेगळाच कुणीतरी होऊन. फोन घ्यायला पूर्वी वर सरकवायचं, आता बाजूला. मी वर सरकवत बसायचो आणि पलीकडचा माणूस कंटाळून ठेवून द्यायचा. बंद करायचं बटण दाबलं तर आतून एक बाई गोड आवाजात विचारायची, "मी काय मदत करू?" मी म्हटलं, "गप्प बसा." तर म्हणाली, "माफ करा, मला समजलं नाही." आमच्या घरात इतक्या नम्रपणे माझ्याशी कुणी बोलत नाही.

पण खरा घोळ कॅमेऱ्याचा! कॅमेरा उघडला की समोरचं काही दिसायचंच नाही. दिसायचं काय? माझं थोबाड! कॅमेरा फिरवायचं चिन्ह पूर्वी खाली कोपऱ्यात असायचं, ते कुठे गेलं देव जाणे. मुलगी बेंगळुरूला असते, तिने एका मिनिटात सांगितलं असतं. पण तिला विचारायचं? गल्लीतल्या शहाण्याने? छे!

आणि नेमका त्याच दुपारी अद्वैत आला.

अद्वैत मूळचा पुण्याचा, इथे म्हैसूरला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. लग्न ठरलं इथल्याच कानडी मुलीशी. बरोबर त्याची आई होती आणि कोल्हापूरचा मामेभाऊ होता, ज्याला घरात सगळे दादा म्हणतात. त्या दादाच्या अंगात बंद गळ्याचा कोट. गळ्यापासून तिरकी उतरणारी पट्टी, पट्टीवर बारीक सोनेरी बटणं, छातीवर छोटासा खिसा. झकास! अद्वैतला हुबेहूब तस्सा कोट हवा होता. कापड त्यांनी आणलेलं. मुलीच्या आजीने दिलेलं रेशीम, मोरपंखी, काठाला जर. म्हातारीने वर्षानुवर्षं कपाटात जपून ठेवलेलं, मोजून एका कोटापुरतं.

"काका, चुकलं तर दुसरं मिळणार नाही हं," आई म्हणाली. "मी म्हणत होते, तयार कोटच घेऊ. पण सूनबाईचं म्हणणं, आजीचं कापड अंगावर हवं."

"ताई, काळजी सोडा," मी म्हटलं. "तीन पिढ्यांत या दुकानातून कुणाचं कापड वाया गेलेलं नाही."

दादाला चारच्या बसने कोल्हापूरला निघायचं होतं, तेही तोच कोट घालून. म्हणजे कोट माझ्याकडे फक्त तासभर. मापं घेतली, वहीत लिहिली. आता फोटो. फोन उघडला. माझं थोबाड!

काय करणार? कोट डमीवर चढवला आणि कोटाकडे पाठ करून उभा राहिलो. फोन समोर धरला, मान वाकडी केली आणि खांद्यावरून मागचा कोट फोटोत घेतला.

"काका, सेल्फी काढताय?" आईने विचारलं.

"पद्धत आहे आमची," मी म्हटलं. "कोटाशेजारी माणूस असला की मापाचा अंदाज येतो."

यावर तो सॉफ्टवेअरवाला काय म्हणाला माहीत आहे? "बरोबर आहे आई, प्रमाण कळतं!" शिकलेली माणसं किती पटकन फसतात हो!

असे चौदा फोटो काढले. कॉलरचा, पट्टीचा, मागच्या शिवणीचा. खिशाचा फोटो काढताना मी इतका मागे वाकलो की शिवण्णाने मला धरून सरळ केलं. शिवण्णा म्हणजे माझा कारागीर. बन्नूरहून रोज बसने येतो, तीस वर्षं झाली. दिवसाला दहा शब्द बोलतो, त्यातले चार 'हूं' असतात.

आणि फोटो काय आले म्हणता! आजवर मला माझा एक फोटो आवडलेला नव्हता. प्रत्येक फोटोत नाक वाकडं, भांग भलतीकडे, मी जणू दुसराच कुणी. या फोटोंत मात्र अगदी मी! रोज दाढी करताना आरशात दिसतो तस्सा! मी सुमनला, म्हणजे बायकोला, दाखवले. तर म्हणते, "तुमचं तोंड फिरल्यासारखं दिसतंय."

"तुला माझं चांगलं बघवत नाही," मी म्हटलं आणि फोन खिशात टाकला.

तुमच्या आलं का काही लक्षात? माझ्या नाही आलं.

तीन दिवसांनी कापायला बसलो. फोन समोर उभा केला, चष्मा चढवला. फोटोत उजवी बाजू वर, डावी खाली. बटणं डाव्या अंगाला, खिसा छातीवर उजवीकडे. म्हणजे बायकांच्या शर्टाला असतात तशी बटणं! हात थबकला माझा. पुरुषाच्या कोटाला डावी बाजू वर येते, हे मी पाढे शिकायच्या आधी शिकलो. पण दादाचा कोट प्रत्यक्ष कसा होता ते आठवेना. आठवणार कुठून? तो तासभर दुकानात होता खरा, पण त्या तासात मी फक्त फोनमध्ये बघत होतो.

शिवण्णाने मान वर केली. "मास्तर, गुंड्या या अंगाला?"

"फोटोत काय आहे?"

"फोटोत आहे तसंच. पण पुरुषाचा कोट..."

"पण काय? फोटो खोटं बोलतो का? नवी फॅशन आहे ती! तुला बन्नूरच्या बसपलीकडे जगात काय चाललंय ते माहीत नाही. सुम्ने, गप्प बस आणि शिव!"

"हूं," शिवण्णा म्हणाला.

तरी मनात किडा वळवळतच होता. म्हणून मी अद्वैतला फोन लावला. लावला नसता तर बरं झालं असतं.

"अद्वैत, तुमच्या दादाच्या कोटाला बटणं बायकांच्या बाजूला आहेत हां. तशीच ठेवू ना?"

"असतील काका, मी नाही नीट बघितलं. तुमच्याकडे फोटो आहेत ना? अगदी तसंच करा."

झालं! मी घातली कात्री. आणि तिकडे या पठ्ठ्याने गंमत म्हणून दादाला चिडवलं, की तू बायकी कोट घालून हिंडतोस म्हणे. चार दिवस त्याने चिडवून घेतलं असेल. पाचव्या दिवशी, इकडे कोट शिवून होत आला असताना, कोल्हापूरहून थेट मला फोन. काय आवाज माणसाचा! फोन हातभर लांब धरला तरी शिवण्णाला ऐकू येत होतं.

"ओ मास्तर! माझा कोट बायकी? काय बघून बोलताय?"

"फोटो बघून बोलतोय! पाठवतो, तुम्हीच बघा."

पाठवला. माझ्या हसऱ्या तोंडासकट. दोन मिनिटांत परत फोन.

"हा माझा कोट नव्हंच! माझा समोर टांगलाय, खिसा डावीकडं आहे. तुमच्या फोटोत उजवीकडं. कुणाचा बघून शिवताय? का दुकानात अदलाबदल करून मला भलताच दिलासा?"

अदलाबदल! माझ्या दुकानात! अंगाची लाही लाही झाली हो. मी कानडीत सुरू झालो, मराठीत आलो, परत कानडीत गेलो. म्हटलं, आजोबांच्या काळापासून या दुकानात एक बटण इकडचं तिकडे झालेलं नाही! तो म्हणाला, झालंय की, सगळीच झाल्यात! आणि फोन ठेवला.

अर्ध्या तासात अद्वैतच्या आईचा फोन. आवाज रडवेला. "काका, दादा लग्नालाच येणार नाही म्हणतोय. म्हणतो, त्या शिंप्याने मला खोटारडा ठरवलं. तुम्ही केलंत तरी काय?"

"मी काही केलेलं नाही ताई! माझ्याकडे पुरावा आहे. एक नाही, चौदा!"

बघा किती गाढवपणा तो! समोरचा माणूस सांगतोय की खिसा डावीकडे आहे, आणि मी पुरावे मोजतोय.

शुक्रवार उजाडला. लग्न रविवारी. अद्वैत आणि आई अकरा वाजता कोट न्यायला येणार होते. सकाळीच कोट इस्त्री करून डमीवर चढवला. असा देखणा की मीच दोन पावलं मागे सरकलो. शिवण्णाची शिवण म्हणजे शोधून दाखवा टाका! सुमन चहा घेऊन आली, तर मी फोन तिच्या नाकासमोर धरला.

"हा बघ फोटो, हा बघ कोट. आहे केसभर फरक?"

तिने फोटो दोन बोटांनी मोठा केला. अजून मोठा केला. कोटाकडे बघतच नव्हती ती, माझ्या गळ्याकडे बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "तुमच्या गळ्यातल्या टेपवरचे आकडे असे उलटे कसे?"

मी बघितलं. टेप! जो मी आयुष्यभर रोज वाचतो! तेवीस, चोवीस, पंचवीस, सगळे आकडे माझ्याकडे पाठ फिरवून उभे. ते फोटो मी रोज दहा वेळा उघडत होतो, पण बघत काय होतो? माझं तोंड!

पायाखालची जमीन सरकली. त्या अपडेटने कॅमेऱ्याचा आरसा करून टाकला होता. डावं ते उजवं, उजवं ते डावं. दादा खरा होता. शिवण्णा खरा होता. आणि मी आजीचं ते कापड, जे जगात दुसरं मिळणार नव्हतं, सबंध उलट्या अंगाने कापून, काजं पाडून, इस्त्री मारून उभं केलं होतं!

उसवून फिरवावं? पट्टी तिरकी, आणि कापडाला सुलटी बाजू एकच. काजं बुजवावीत? रेशमावर पडलेलं भोक बुजत नाही. मी स्टुलावर बसलो आणि मला चक्क रडू आलं, खोटं कशाला बोलू? दुकानाच्या नावाचं जे व्हायचं ते होईल, पण त्या म्हातारीने इतकी वर्षं जपलेलं कापड! कुठल्या तोंडाने सांगणार होतो मी तिला?

"आले की सरळ सांगून टाका," सुमन म्हणाली. "हात जोडा. आणि त्या दादांची पण माफी मागा."

"सांगतो," मी म्हटलं. खरंच सांगणार होतो.

अकराला दोघं आली. आईचा चेहरा आधीच उतरलेला. मी हात जोडून पुढे झालो. "ताई, अद्वैत, मला तुम्हाला एक सांगायचंय..."

"आधी घालून बघू दे काका," म्हणत अद्वैतने कोट डमीवरून उतरवला आणि अंगात चढवला.

मी डोळे मिटून घेतले. मग एक डोळा उघडला. त्याने डाव्या हाताने वरचं बटण लावलं. मग दुसरं, तिसरं. सरसर सगळी लावली. थांबला. परत सगळी काढली, परत लावली. मग डाव्या हाताने छातीवरच्या उजव्या खिशात रुमाल ठेवला, काढला, परत ठेवला.

"आई!" असा काही ओरडला की शिवण्णाने बोटात सुई टोचून घेतली.

"काय झालं रे?"

"आई, मी डावखुरा आहे हे काकांना कुणी सांगितलं?"

मला? मला कोण सांगणार? मलाच आत्ता कळत होतं!

"काका, आयुष्यभर बटणांशी मारामारी केलीय मी! खिसे नेहमी नको त्या बाजूला. आणि तुम्ही... थांबा, थांबा! म्हणून दादाला पाठवलेला तो फोटो उलटा होता! दादाचा कोट माझ्यासाठी उलटा करून बघत होतात! आणि मला फोनवर काय म्हणालात, बटणं बायकांच्या बाजूला, तशीच ठेवू ना? मला पत्ता लागू नये म्हणून बनवत होतात ना?"

आईचे डोळे भरून आले. "शाळेत याला उजव्या हाताने लिही म्हणून ओरडा बसायचा हो," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत याच्या हाताचा विचार करून कुणी काही केलं नाही. मी आई असून मला सुचलं नाही."

कबुली माझ्या अगदी जिभेवर होती. सुमन आतल्या दारातून खुणा करत होती, सांगा, सांगा. आणि मी काय बोललो?

"ताई, माणूस उंबरा ओलांडून आत आला की त्याचा हात कळतो मला. नजर लागते त्याला."

सुमनने कपाळावर हात मारला. मी तिकडे बघितलंच नाही.

अद्वैतने तिथूनच दादाला फोन लावला आणि सगळं सांगितलं.  दादा म्हणाला, मास्तरांना दे. मी फोन घेतला.

"मास्तर, चुकलो. तोंडाला येईल ते बोललो. मानलं बघा तुम्हाला!"

"परवागिल्ला, परवागिल्ला," मी म्हटलं. काही हरकत नाही! किती मोठं मन माझं!

रविवारी लग्नात मला पहिल्या पंक्तीला बसवलं. दादा कोल्हापूरहून आला आणि त्याने मला सगळ्यांदेखत उचलून मिठी मारली. आजीने अद्वैतच्या बाहीवरून हात फिरवला, मग माझ्या डोक्यावरून, आणि कानडीत म्हणाली, माझ्या कापडाचं सोनं केलंस. मी खाली वाकून तिच्या पाया पडलो. त्यातला निम्मा नमस्कार माफीचा होता, ते तिला माहीत नाही. मग यजमानांनी शाल घातली, वाजंत्री वाजली, आणि मी असा काही छाती काढून चाललो की कुणाला वाटावं, नवरा मीच.

अद्वैतने कोटाचे फोटो इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, डावखुऱ्यांचे मास्तर. आणि काय रांग लागली सांगू! या गावात इतके डावखुरे आहेत हे मला साठी जवळ आली तरी माहीत नव्हतं. एक प्राध्यापक आले, एक बँकेतले साहेब आले, पार एच. डी. कोटे गावाहून जनावरांचे डॉक्टर खास कोटासाठी आले. मी दारावर पाटी लावली, 'डावखुऱ्यांचे कपडे खात्रीने शिवून मिळतील'. येईल त्याला माझ्या नजरेची गोष्ट सांगायचो, आणि गोष्ट रोज थोडी वाढायची. माणूस आधी कुठल्या पायातली चप्पल काढतो, घाम कुठल्या हाताने पुसतो, मी म्हणे सगळं टिपतो!

मागच्या महिन्यात ते जनावरांचे डॉक्टर कोट न्यायला आले होते. मी त्यांना रंगवून सांगत होतो, "साहेब, डावखुरा माणूस माझ्या नजरेतून सुटायचा नाही. दहा हातांवरून ओळखीन!"

तेवढ्यात शिवण्णा म्हणाला, "मास्तर, एक विचारू?"

"विचार की."

"माझाही एक शर्ट तसा शिवाल?"

"तसा म्हणजे?"

"डाव्या हाताचा."

"तुला रे कशाला डाव्या हाताचा?"

 शिवण्णाने समोरचं कापड ओढलं, स्वतःची कात्री उचलली आणि कर्र कर्र कापत सुटला. डाव्या हाताने.

तीस वर्षं! माझ्यासमोर बसून! डॉक्टर एकदा त्याच्याकडे बघतायत, एकदा माझ्याकडे. आणि मला आठवलं, की त्याची कात्री मी कधी माझ्या उजव्या हातात घेतली तर ती धड कापायचीच नाही. म्हणून गेली तीस वर्षं, दर दोन महिन्यांनी, मी ती त्याला न विचारता धार लावायला पाठवत होतो.

"धार चांगली होती, मास्तर," शिवण्णा म्हणाला.